कॅथीड्रलमधला भाता

आप्पांचं उभं आयुष्य लोहारकामात गेलं. घणाच्या आवाजानं कान अर्धे गेलेले, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय, हे ते विसरूनच गेले होते. गुडघे कुरकुरायला लागले तशी त्यांनी भट्टी बंद केली आणि शहरात मुलाकडे राहायला आले. मुलगा जहाजावर, महिनोन्महिने बाहेर. घरात ते आणि सून. सून इस्पितळात नर्स होती आणि सासऱ्यांना साधा कपसुद्धा विसळू देत नसे. "आता आराम करा," हे तिचं पालुपद. आराम करून करून आप्पांचं अंग आंबून गेलं होतं.

सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली, "चला आप्पा, कॅथलिकांचं जुनं कॅथीड्रल दाखवते. पण तिथे हळू बोलायचं हं."

"मी कधी जोरात बोलतो?" आप्पा म्हणाले, आणि शेजारीण खिडकीत डोकावली.

कॅथीड्रलमध्ये पाऊल टाकलं आणि आप्पांनी आ वासला. कवेत मावणार नाहीत असे दगडी खांब, मान मोडेल इतकं उंच छत, रंगीत काचांतून फरशीवर सांडलेला लाल-निळा उजेड. पणजोबांच्याही आधी कुणी कुणी हे दगड चढवले असतील, या विचारानं ते खरोखरच गप्प झाले. सुनेनं सुटकेचा निःश्वास टाकला. बाकांवर नटूनथटून माणसं बसली होती, कारण थोड्याच वेळात लग्न लागायचं होतं. कडेला बसून बघायला कुणाची हरकत नव्हती. दोघं मागच्या बाकावर टेकली.

दारात पांढऱ्या झग्यातली नवरी वडिलांचा हात धरून उभी राहिली. वरच्या सज्जातून ऑर्गनचा पहिला सूर निघाला, आणि पंखे थांबले, दिवे गेले. तो सूरही मरतुकड्या बकरीसारखा बें बें करत विरून गेला. वीज गेली होती.

कुजबुज सुरू झाली. नवरीचा चेहरा पडला. सज्जाच्या कठड्यावरून ऑर्गन वाजवणारी बाई वाकली. किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "ऑर्गनला हवा देणारी मोटर बंद पडली! जुना हाताचा भाता आहे अजून, पण दांडा ओढायला कुणीतरी दमाचं हवं!"

'भाता' हा एकच शब्द आप्पांच्या कानात बरोबर शिरला.

"मी येतो!"

छतापासून तळघरापर्यंत सगळं कॅथीड्रल घुमलं. सुनेनं कपाळाला हात लावला. "आप्पा, गुडघे!"

"भाता काय गुडघ्यांनी ओढायचा असतो?" म्हणत ते गोल जिना चढूनही गेले. सून पाठोपाठ धावली.

ऑर्गनच्या उंच नळ्यांच्या कुशीतून एक लाकडी दांडा बाहेर आला होता. वर दोरीला शिशाचा छोटा गोळा. बाईनं घाईघाईनं समजावलं, "हवा भरली की गोळा खाली येतो. या रेघेखाली नको, त्या रेघेवर नको."

"आणि कोळसा कुठाय?" आप्पांनी डोळे मिचकावले आणि दांडा धरला.

पहिल्या झटक्यात त्यांनी असा जोर लावला की गोळा सरकन खाली आला आणि हवेची पेटी फुसफुसायला लागली.

"अहो, नांगराचा फाळ तापवताय का?" बाई ओरडली.

"चुकलं, चुकलं!" आप्पांनी श्वास सोडला आणि हात सैल केले. मग दांडा लयीत वरखाली होऊ लागला. गोळा दोन रेघांच्या मधोमध ठरला. बाईनं दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले, आणि सूर असा उसळला की आप्पांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांच्या अर्ध्या कानांनाही तो पुरून उरत होता. तळपायांतून वर चढत होता. खाली नवरी चालत निघाली. सुनेनं कठड्यावरून पाहिलं, तर पोरगी रडत होती आणि हसतही होती. सुनेनं पदरानं आप्पांच्या कपाळावरचा घाम टिपला. "आराम करा" काही ती म्हणाली नाही.

लग्न लागून वऱ्हाड अंगणात गेलं, तरी वीज आली नव्हती. बाईनं विचारलं, "आजोबा, एखादी पट्टी दाबून बघता?"

"मग भाता कोण ओढणार?"

सुनेनं पदर खोचला. "सरका. पेशंट उचलते मी रोज."

"दमानं हं, पोरी. दमानं!"

आप्पा बाकावर बसले. आपलं जाडजूड बोट त्यांनी बाईनं दाखवलेल्या पट्टीवर ठेवलं आणि जपून दाबलं. सगळ्यांत मोठी नळी घुमली, बाक थरथरलं, आणि आप्पा लहान मुलासारखे खदखदून हसले.

"आता शेजारची दाबू?" त्यांनी विचारलं, आणि तेही चक्क हळू आवाजात.

"दाबा की," धापा टाकत सून म्हणाली, "माझे हात अजून शाबूत आहेत."