वेदीवरून न्हाणीघरात

मी एक जुनी खुर्ची आहे. सागवानी, हातांची, उंच पाठीची. मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलेत तर नाक मुरडाल. माझ्या अंगाला साबणाचा वास येतो, पायांना चाके लावली आहेत आणि बसायच्या जागी मधोमध गोल भोक आहे. ते कशासाठी, हे तुमच्या लक्षात आले असेलच. हसून घ्या. मला मात्र सुरुवातीला रडू आले होते.

कारण माझा जन्म न्हाणीघरासाठी झाला नव्हता. सुताराने मला चर्चसाठी घडवले. माझ्या पाठीवर क्रूस कोरताना पटाशी घसरली आणि त्याचे बोट कापले. तेव्हा तो जे काही बोलला ते चर्चमधल्या खुर्चीने सांगू नये. पुढे मला वेदीशेजारी जागा मिळाली. माझ्यावर फक्त पाळकसाहेब बसत. उपदेश ऐकून ऐकून मला अर्धे पाठ झाले होते आणि उपदेशाच्या वेळी कोण डुलकी घेते, हेही मला नेमके ठाऊक होते. खोटे कशाला बोलू, माझे पाय जमिनीवर असले तरी डोके हवेत होते.

तिथेच मी मावशींना पाहिले. चर्चला येणाऱ्या साऱ्या मंडळीच्या त्या मावशी. त्यांचा मुलगा जन्मला तेव्हा बराच वेळ रडलाच नाही आणि त्या वेळात त्याचे हातपाय कायमचे आखडले. तो मांडीवर मावत होता तोवर मावशी त्याला घेऊन बाकावर बसत. मग तो वाढला. नाव राहिले छोटू आणि अंग झाले कपाटाएवढे. नवरा वारल्यावर मावशी त्याला पलंगावर निजवून, शेजारच्या शिंपीणबाईंना लक्ष ठेवायला सांगून रविवारी एकट्या येऊ लागल्या.

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. देवाने आपल्यासाठी काय केले, ते उभे राहून सगळ्यांसमोर सांगायचे. मावशींची साक्ष म्हणजे सगळ्यांच्या आवडीची. “देवानं मला कधी कमी पडू दिलं नाही. छोटूचं सगळं मी करते, पण बळ त्याचं आहे. कोणापुढे हात पसरायची वेळ आली नाही,” असे त्या सांगत. बायका डोळे पुसत. पाळकसाहेब म्हणत, “विश्वास असावा तर असा.” मग सगळे चहा पिऊन आपापल्या घरी जात. ज्या बाईला कशाची गरजच नाही, तिच्या घरी कोण कशाला जाईल?

पुढे चर्चमध्ये गादीच्या नव्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला मावशींनी मागून नेले. “हिला हात आहेत, पाठ उंच आहे. छोटू पडणार नाही हिच्यातून,” त्या म्हणाल्या. सुताराने माझे पाय कापून चाके बसवली, भोक पाडले, रंग फासला. रंगाखाली माझा क्रूसही झाकला गेला. त्या दिवसापासून मी पाळकसाहेबांची राहिले नाही, छोटूची झाले.

छोटू चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. त्याला ‘आई’, ‘नको’ आणि ‘आमेन’ एवढेच शब्द येतात, पण तो भारी मिश्कील आहे. मावशी वाकल्या की हळूच त्यांचा चष्मा ओढतो. पाठीवर गरम पाणी पडले की गुणगुणतो आणि मावशींचे गाणे संपायच्या आधीच मोठ्याने आमेन म्हणून टाकतो. “इतकी घाई असेल तर स्वतः गा की,” त्या म्हणतात. तेव्हा तो जे हसतो, त्याने मीदेखील हलते.

पण त्याला पलंगावरून माझ्यावर आणणे सोपे नव्हते. मावशी त्याच्या काखेत हात घालत, गुडघा त्याच्या गुडघ्यांमध्ये रोवत आणि म्हणत, “प्रभू, उचल.” मग उचलत. वर्षानुवर्षे असेच चालले. हळूहळू उचलणे खाली खाली येऊ लागले, आणि ‘प्रभू’ आणि ‘उचल’ यांच्यामध्ये धाप ऐकू येऊ लागली. त्याची पाठ चोळता चोळता त्या साक्षीची तयारी करत. तीच वाक्ये. ती संपली की आवाज खाली येई आणि आणखी एक मागणे येई. ते चर्चमध्ये मी कधी ऐकले नव्हते. “प्रभू, याला माझ्याआधी ने. एकच दिवस आधी. दुसऱ्या कोणाच्या हाती नको लागू देऊ.” मग त्या देवाची क्षमा मागत आणि छोटूचे कान पुसू लागत. मला फार वाईट वाटे. एवढे उपदेश ऐकले होते, पण या मागण्याला काय उत्तर द्यावे, ते एकातही नव्हते.

एका सकाळी न्हाणीघरात छोटूला माझ्यावर सरळ बसवताना त्याचे पाय एकदम ताठले. मावशींचा हात सुटला आणि दोघे ओल्या फरशीवर आडवे झाले. मावशींचे मनगट त्यांच्याच अंगाखाली आले. छोटूचे कोपर फुटले. “प्रभू, उचल,” मावशी म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. छोटू तसूभर हलला नाही. नळ वाहत होता, पाणी गार होत गेले, तो कुडकुडू लागला, तरी त्यांनी कोणाला हाक मारली नाही. शेवटी छोटूनेच गळा काढला, तेव्हा शिंपीणबाई भिंतीपलीकडून धावत आल्या.

“मावशी, हाक मारायची नाही का हो?”

“मारत होते ना. देवाला.”

“आणि मी काय पलीकडे मेले होते?” शिंपीणबाई कडाडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. “देवानं मला भिंतीला भिंत लावून घर दिलंय, ते कशासाठी?”

मावशींच्या हाताला प्लास्टर बसले. दोन दिवसांनी मंडळीतले लोक प्रार्थनेला घरी आले. बसायला खुर्च्या कमी पडल्या, म्हणून कोणीतरी न्हाणीघरातून मला ओढून आणले, माझ्यावर चादर टाकली आणि थेट पाळकसाहेबांनाच बसवले. मी पुरती वाळलेली नव्हते. पण सांगणार कोणाला?

गाणे झाले, प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणाले, “मावशी, साक्ष द्या. तुमच्या साक्षीनं आम्हाला बळ मिळतं.”

मावशी उठल्या. “देवानं मला कधी कमी...” म्हणाल्या आणि थांबल्या. आतल्या खोलीत छोटू कण्हत होता. “माझ्यानं आता होत नाही,” त्या म्हणाल्या. “मी खोटं सांगत नव्हते. पण अर्धंच सांगत होते. रोज सकाळी मला भीती वाटते. त्याला टाकीन, अशी भीती.”

एक बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “मावशी, विश्वास डळमळू देऊ नका.”

“विश्वास आहे हो,” मावशी म्हणाल्या. “हात उरले नाहीत.”

पाळकसाहेबांनी खाली पाहिले. एव्हाना माझा ओलावा चादरीतून त्यांच्या पँटला लागला होता. त्यांनी चादर उचलली, भोक पाहिले, माझ्या हातांवरून बोटे फिरवली. त्यांनी मला ओळखले. आता ते उपदेश करणार, अशी माझी खात्री होती, मला सवयच होती. पण त्यांनी एवढेच विचारले, “मावशी, छोटूला आंघोळ किती वाजता घालता?”

दुसऱ्या सकाळी पाळकसाहेब आणि मंडळीतला बसड्रायव्हर बाह्या सरसावून हजर झाले. मित्रांनो, इथे सगळे गोड झाले, असे सांगायला मला आवडले असते. पण छोटूच्या अंगाला आईशिवाय कोणाचे हात माहीतच नव्हते. चाळीस वर्षांत दुसऱ्या हातांना तशी संधीच मिळाली नव्हती. तो घाबरला, ताठला, ड्रायव्हरच्या हाताला चावला. पाळकसाहेबांच्या हातून साबण त्याच्या डोळ्यांत गेला. “नको! नको!” तो ओरडत होता. माझ्या चारही चाकांना कापरे भरले.

“मावशी, तुम्ही आत येऊ नका,” ड्रायव्हर बोट चोखत म्हणाला. “तुम्ही दिसलात की तो आम्हाला जवळ येऊ देणार नाही. शिकू द्या त्याला. आम्हालाही.”

मावशी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभ्या राहिल्या. छोटू ‘आई’ म्हणून किंचाळला की दाराची कडी खडखडे, पण दार उघडत नसे. “मी इथंच आहे रे बाळा,” त्या बाहेरून म्हणत. त्याला उचलताना त्या कधी इतक्या थकल्या नसतील.

अजूनही तो ओरडतो. काल जरा कमी ओरडला, आज पुन्हा जास्त. यायचे म्हणाले होते त्यांतले काही आलेच नाहीत. पण ड्रायव्हर येतो, पाळकसाहेब येतात, आणि मावशी दाराबाहेर उभ्या राहतात.

मित्रांनो, मला तेल लावा, माझी चाके दुरुस्त करा, असे मी म्हणणार नाही. तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरात असा छोटू असेल. त्याची आई म्हणेल, मला काही नको, देव आहे. तिचे म्हणणे खरे असते. तरीही जा. ती पडायची वाट पाहू नका, ती उभी आहे तोवर जा. कारण त्याला तुमच्या हातांची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिच्याकडे असेल की नाही, हे मला माहीत नाही.