पानं सरकत होती

“अगं, पानं सरकतायत म्हणजे माणूस बरा आहे, हे तुला कुणी सांगितलं? फोन कर तुझ्या बाबाला,” आत्या म्हणाली होती. तिने ते या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडून दिलं. आत्याला मोबाइल दिसला की कपाळावर आठीच पडते, असं मनाशी म्हणून ती आपल्या लेकीचा, छोटीचा लंगोट बदलायला उठली.

आई गेल्यावर बाबा गप्पगप्प झाले होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. म्हणून तिने घड्याळांवरचं एक मासिक ऑनलाइन शोधलं. टॅबवर नमुन्याची पानं दोघांनी मिळून चाळली. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, जुन्या लंबकावरचा अर्धा लेख. आणि पुढे कुलूप. ‘पुढे वाचण्यासाठी वर्गणी भरा.’

“ऐन रंगात आलं की शटर ओढतात. पक्के दुकानदार!” बाबा म्हणाले. किती तरी दिवसांनी ते असं काही बोलले होते. तिने तिथल्या तिथे वर्षाची वर्गणी भरून टाकली.

खातं तिच्या नावाचं, टॅब बाबांकडे, त्यांच्या घरी. एकाच खात्यावर असल्यामुळे शेवटचं वाचलेलं पान, खालच्या खुणेसकट, तिच्या मोबाइलवरही दिसायचं. सकाळी ती तेवढं बघून घ्यायची. खूण पुढे गेलेली असली की बाबा उठले, चहा झाला, वाचत बसले. फोनवर दोघांनाही बोलायला सुचत नसे. त्यापेक्षा हे बरं. हळूहळू फोन राहूनच गेला.

त्या दिवशी छोटी पेजेला तोंड लावेना, म्हणून तिने नेहमीसारखा, मासिक उघडंच असलेला मोबाइल तिच्यापुढे धरला. छोटीने चिकट बोट काचेवर फिरवलं. लंबक गेला, दातेरी चाकं आली. आणखी एकदा फिरवलं. खालची खूण तिच्या डोळ्यांदेखत पुढे सरकली.

चमचा तिच्या हातात तसाच राहिला. म्हणजे रोज पानं सरकवणारी हीच.

बाबांचा फोन बंद होता. तिने छोटीला काखोटीला मारलं नि ती बाबांकडे निघाली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी चुकलेली. टॅब कपाटावर, धूळ खात. भिंतीवरची सगळी घड्याळं मात्र बिनचूक चालली होती.

“बाबा, अंक वाचत नव्हता तुम्ही?”

“ते यंत्र बंद पडलं. तुझ्यामागे पोरीचा व्याप, म्हटलं कशाला सांगा.”

“आणि फोन?”

“कुणाचा येत नव्हता. मग चार्ज तरी कशाला करायचा?” त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिने चार्जर शोधला, पिन लावली, चहाचं आधण ठेवलं. छोटी रांगत बाबांपाशी गेली, त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि मांडीवर पडलेल्या त्यांच्या पंज्यावरून बोट फिरवू लागली, पान उलटावं तसं. मग बाबांनी तळहात उलटा करून तिच्यापुढे धरला.

तुमच्याही मोबाइलवर कुणाची तरी अशी खूण रोज पुढे सरकत असेल. ती बघून निर्धास्त राहू नका. आज जरा जाऊन या, दार वाजवा, आणि ते उघडेपर्यंत तिथेच थांबा.