खांद्यापर्यंत

"आणखी वर."

बुधाने दात आवळून उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला.

जव्हारच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला. "ऑपरेशनची गरजच नव्हती. नुसता पट्टा ठेवला असता तर गळ्याखालचं हाड नीट जुळलं असतं. हे एकावर एक चढून जुळलंय. पट्टा कोणी सोडत होतं का?"

दाराशी उभी असलेली बुधाची बायको, कोंडी, थिजली. दिवाळीनंतर बुधा झाडावरून पडला, तेव्हा डॉक्टरांनी पाठीवर आठाच्या आकड्यासारखा पट्टा आवळला होता आणि तो मुळीच सोडू नका म्हणून बजावलं होतं. पण आवळून गार पडलेलं हाड जुळणार कसं? तिच्या आईने, आजीने मोडलेलं अंग मोहाच्या बियांच्या कोमट तेलाने चोळूनच बरं केलं होतं. कोंडी रोज संध्याकाळी पट्टा सोडायची, जीव ओतून चोळायची, परत बांधायची. बुधा कण्हायचा. तिला वाटायचं, गुण येतोय.

"मीच सोडीत व्हतो," बुधा म्हणाला. "काखंत काचायचा."

"मग आता याहून वर हात जाणार नाही."

मोखाड्याकडे परतणाऱ्या जीपमध्ये बुधाने तिला कडेची जागा दिली. मला विचाराल तर त्याने तिला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

माघात आमच्या पाड्यावर राबाची तोड सुरू झाली. भात-नागलीचं रोप टाकायची जागा भाजायला ऐनाच्या फांद्या लागतात आणि त्या तोडायला चढायचा बुधाच. दुसरा कुणी चढला की झाड पार बोडकं करायचा. बुधा शेंडा राखायचा, म्हणून झाड पुन्हा फुटायचं. त्याला आयुष्यात ऐट होती ती एवढ्याचीच.

यंदा त्याचा चुलतभाऊ फागू कोयता घेऊन चढला. बुधा खालून ओरडत होता, "डाव्या फांदीवर पाय दे! शेंडा ठेव रं!" ओरडता ओरडता त्याचा आवाज चिरकला.

फांद्या गोळा करणाऱ्या कोंडीला ते सोसवलं नाही. ती मोठ्याने रडू लागली. "मी मोडला तुजा हात! मीच! सांगते आता समद्यांना!"

बुधाने वर बघितलं. फागू एका पायावर तोल सावरत होता.

"हळू बोल," बुधा म्हणाला. "वर मानूस हाय. खाली बघंल नि पाय सुटंल त्याचा."

कोंडीने तोंडात पदर कोंबला. मग दोघंही मान वर करून फागूकडे बघत राहिली, तो उतरेपर्यंत.