दादाच्या गालावरची रेघ

मी या इस्पितळाचा न्हावी. ऑपरेशनआधी पेशंटची दाढी, डोकं, छाती, जे असेल ते साफ करायचं, हे माझं काम. एकवीस वर्षांत कुणाच्या कातडीवर ओरखडा उठला असेल तर दाखवा. मी गर्विष्ठ आहे असं बायको म्हणते, आणि ते खरंच आहे.

त्या दिवशी खाटेवर माझा थोरला भाऊ होता. वस्तरा धरायला मला त्यानेच शिकवलं. त्याच्या डाव्या गालाच्या आत कॅन्सर निघाला होता. डॉक्टरबाईंनी आदल्या दिवशी समजावलं होतं, "आतला भाग काढावा लागेल. नुसतं शिवलं तर तोंड उघडणार नाही. म्हणून नाकाशेजारच्या घडीतली कातडी उचलून आत वळवायची आणि तिथे बसवायची."

सकाळी सहालाच मी दादाची दाढी केली. परक्याची करतो त्याच्या दुप्पट मन लावून, उलटसुलट दोन हात फिरवून. माशी बसली तर घसरावी असा गाल झाला.

सातला बाई निळं पेन घेऊन आल्या आणि थबकल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," छाती काढून मी म्हणालो.

"खुणा झाल्यावर दाढी, असं चिठ्ठीत लिहिलं होतं ना? केस कुठपर्यंत येतात ते आता मला कसं कळणार? केसांची कातडी आत गेली तर यांना तोंडात दाढी उगवेल. जन्मभर!"

चिठ्ठी मी वाचलीच नव्हती. मला दाढीतलं कोण काय सांगणार! दादाची दाढी पांढरीफटक, त्यामुळे कातडीवर सावलीसुद्धा उरली नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आणि दाढी परत वाढेपर्यंत थांबायला कॅन्सरला कुठे सवड होती?

"पेन द्या," मी म्हणालो. "हा गाल मी तीस वर्षं करतोय."

बाईंनी दादाकडे पाहिलं.

"द्या त्याला," दादा म्हणाला.

मी डोळे मिटून गालावर बोट फिरवलं. डाव्या बाजूला दादाची दाढी नाकपुडीकडे टोक काढून चढते, उजवीकडे नाही. ते टोक वगळून मी रेघ ओढली.

"मी सरळ आखली असती," बाई म्हणाल्या, आणि माझ्या रेघेच्या आत त्यांनी आपला आकार काढला.

ऑपरेशन नीट झालं. पण केस उगवतात की नाही, ते कळायला वेळ लागतो. ते तीन महिने कसे काढले ते माझं मला ठाऊक. दादा तपासणीला आला की मी दाराबाहेरच उभा राहायचो. आत जायची छाती होत नव्हती.

शेवटी बाईंनीच मला आत ओढलं आणि बॅटरी हातात दिली. दादाने आ केला, तोंड चांगलं तीन बोटं उघडलं. आत फिकट कातडीचा तुकडा गालाला घट्ट धरून बसला होता. मी कोपरान्‌कोपरा पाहिला. एकही खुंट नव्हता.

"यापुढे आधी तुमची रेघ, मग दाढी," बाई म्हणाल्या. "आणि चिठ्ठी वाचत चला."

बाहेर बाकावर एक पेशंट गाल धरून बसला होता, पार भेदरलेला. त्याचंही हेच ऑपरेशन व्हायचं होतं. दादा त्याच्याशेजारी बसला आणि तोंड उघडून त्याला आतलं दाखवलं. मग माझ्याकडे बोट केलं.

"घाबरू नका. रेघ हा काढतो. माझा धाकटा."