घड्याळ मागे पडतंय

कॉम्प्युटरला बंदच पडायचं असेल तर त्याने सरळ बंद पडावं. मग माणूस चार शिव्या देतो, दुरुस्तीवाल्याला फोन करतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. पण सूनबाईचा कॉम्प्युटर त्या जातीचा नव्हता. तो सकाळी एका बटणात जागा व्हायचा, गाणी वाजवायचा, मेल उघडायचा, नवऱ्याने पत्त्यांचा डाव मांडला की न कंटाळता साथ द्यायचा. फक्त काम सांगितलं की मान टाकायचा. तेही खरं काम असलं तरच.

खरं काम म्हणजे परिचारिकांना शिकवणाऱ्या एका संस्थेचे धडे. चित्रीकरण संस्था करायची. कापाकापी, जोडाजोडी, आवाज साफ करणं, खाली अक्षरं टाकणं हे सूनबाईकडे. सगळं जुळलं की शेवटी त्या तुकड्यांची एक सलग फाइल बनवायची असते. ती कॉम्प्युटरने एकट्याने बनवायची, माणसाने नुसतं बसून राहायचं, आणि नेमका त्यातच कॉम्प्युटरचा कस लागतो. या वेळचा धडा होता, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस कशी बदलावी. फाइल बनत असताना स्क्रीनवर दोन परिचारिका रुग्णाच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालत, तो बिचारा वळायला लागे आणि अर्ध्या कुशीवर आला की स्क्रीन काळी. कधी जरा अलीकडे, कधी जरा पलीकडे, पण फाइल बनताना पूर्ण कुशीवर वळलेला तो तिने अजून पाहिला नव्हता.

तिचं काम पारखायला संस्थेने आधी तीनच धडे दिले होते. पहिला वेळेवर गेला. दुसरा याच दुखण्यापायी उशिरा गेला. हा तिसरा आज दुपारी बाराच्या आत पोहोचला तर वर्षभराचं काम तिचं, नाही तर दुसरं कोणीतरी रांगेत उभंच होतं. तिला हे काम हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, त्याच्यावर तिचा जीव होता. मधली बरीच वर्षं ती घरात 'जरा ते बघ गं' आणि 'जरा हे दे गं' यांच्यात विरघळून गेली होती. या टेबलाशी बसली की मात्र ती कोणाची कोणी नसायची, आणि ते तिला फार आवडायचं.

नवऱ्याला सांगितलं तर तो ऑफिसातून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा.

"बंद करून चालू केलास का?"

"तो आपला आपणच बंद होतोय. मी फक्त चालू करते."

"मग व्हायरस असेल."

त्याच्या लेखी जगातलं सगळं एक तर व्हायरसमुळे व्हायचं, नाही तर हवेमुळे. तिने त्याच्यावर विश्वास ठेवून संस्थेतल्या बाईंना पहिल्यांदा व्हायरस हेच कारण सांगितलं. पुढच्या वेळी, शेजारच्या इमारतीत खरंच दिवे गेले होते म्हणून, वीज सांगितली. दोन्ही वेळा बाई "बरं" म्हणाल्या होत्या, आणि ते बरं काही बरं नव्हतं.

दुरुस्तीवाल्याची तर वेगळीच तऱ्हा. तो कॉम्प्युटर दुकानात घेऊन गेला, परत आणून दिला आणि म्हणाला, "आमच्याकडे छान चालला, ताई."

"काय करून बघितलं तुम्ही?"

"चालू केला. गाणं लावलं."

"गाणं तर तो माझ्याकडेही लावतो हो," ती म्हणाली. डॉक्टरसमोर बसलं की खोकला थांबतो, तशातला तो प्रकार. दुरुस्तीवाल्याने खांदे उडवले. त्या क्षणी त्याला आणि कॉम्प्युटरला एकाच खिडकीतून खाली टाकावं असं तिला वाटलं.

हे सगळं चाललेलं असायचं ते समोरच्या खोलीत, आणि त्या खोलीत ती एकटी नसायची. दुसऱ्या कोपऱ्यात सासऱ्यांचं टेबल होतं. ते घड्याळजी. उभा जन्म बाजारातल्या अरुंद गाळ्यात बसून घड्याळं दुरुस्त केली. मग लोकांनी मनगटाऐवजी खिशातल्या फोनमध्ये वेळ बघायला सुरुवात केली आणि गाळा बंद झाला. टेबल, भिंग, चिमटे आणि कोणी न्यायला न आलेली घड्याळं घरी आली. एका डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर कशात ना कशात डोकं घालून असत. बोलत कमी, पण बोलले की थांबत नसत, कारण एका कानाने ऐकू कमी यायचं आणि समोरचा काय म्हणतो याची वाट बघण्यात त्यांना अर्थ वाटत नसे.

आज सकाळी तिने दुरुस्तीवाल्याला दम दिला. "इथे या, इथेच बसा, आणि तो मेला की माझ्यासमोर बघा." तो आला. तिने फाइल बनवायला लावली. त्याने चहा घेतला, मग फोन काढला, मग जांभई दिली. परिचारिकांनी हात घातले, रुग्ण वळू लागला, आणि स्क्रीन काळी.

"बघितलंत?" तिला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली.

दुरुस्तीवाल्याने डब्याची बाजू उघडून पंखा बघितला, आत बोट लावून बघितलं, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि सुरू होता होता एक बटण दाबून धरलं. तिने कधी न पाहिलेलं निळं पान उघडलं, नुसत्या आकड्यांचं. तो पुढे वाकला.

"ताई, इथे हात कोणी घातला?"

"कुठे?"

"प्रोसेसरचा स्पीड वाढवून ठेवलाय. आहे त्यापेक्षा जोरात पळ म्हणून सांगितलंय त्याला. गाण्याबिण्याला काही फरक पडत नाही, तो आपला पळतो. पण मोठं काम आलं की तापतो, चुकतो आणि पडतो." मग त्याने खुर्ची मागे ढकलून तिच्याकडे असं बघितलं की आता प्रवचन येणार हे कळलंच. "हल्ली एक व्हिडिओ बघितला की सगळेच इंजिनियर होतात. ज्यांना कळतं ते करतात, त्यांचं ठीक आहे. नवख्या माणसाने या पानावर येऊच नये. वेग मिळतो चिमूटभर आणि डोकेदुखी पोतंभर."

"मी हे पान जन्मात पहिल्यांदा बघतेय."

"सगळे असंच म्हणतात."

"अहो, खरंच मी नाही केलं."

"मग कॉम्प्युटरने स्वतःच केलं असेल," तो म्हणाला. "आणि आतला हा सेल बघा, नवाकोरा. हा मेलेला असता ना, तर डब्याची वीज काढल्याबरोबर हे सगळं आपोआप पहिल्यासारखं झालं असतं. कोणीतरी आधी सेल बदललाय आणि मग उद्योग केलाय. म्हणून तो उद्योग टिकलाय."

कोपऱ्यात चिमटा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"सेल मी घातला," सासरे म्हणाले.

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नव्हतं. ते तसंच ठेवून ते उठले आणि जवळ आले.

"जेवताना तूच म्हणालीस, सूनबाई, कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडतंय. रोज तारीख टाकावी लागते. मी उघडून बघितला, तर आत आपल्या मनगटावरच्या घड्याळासारखाच सेल. माझ्याकडे होता, घातला. चालू केला तर हेच निळं पान आलं, त्यात वेळ लावली. पण नुसत्या सेलने भागत नाही. मागे पडणाऱ्या घड्याळाचा वेग बघावा लागतो. आपल्या घड्याळात आत एक बारीक दांडी असते, एका टोकाला अधिक, एका टोकाला उणे. मागे पडत असेल तर अधिककडे सरकवायची. इथे बघितलं तर स्वच्छ लिहिलेलं, क्लॉक. समोर आकडा. अधिक, उणे. मी अधिककडे सरकवलं. जरासंच."

दुरुस्तीवाला आधी हळू हसला, मग मोकळा होऊन हसला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं काहीतरी तो म्हणाला. "आजोबा, ते घड्याळ वेगळं आणि हे क्लॉक वेगळं. हे म्हणजे त्याच्या छातीचे ठोके."

"लिहिलंय तर क्लॉकच," सासरे म्हणाले. "आणि त्यानंतर एकदाही मागे पडलं नाही."

सूनबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढून सगळे दिवस सरकत गेले: पुन्हा पुन्हा बसून राहणं, बाईंचं ते बरं, नवऱ्याचा व्हायरस, स्वतःलाच काही येत नाही असं वाटून गिळलेलं रडू. आणि हे सगळं होत असताना ते तिथे, हाताच्या अंतरावर बसलेले.

"बाबा, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर हात लावू दिला असतास?"

"नसता दिला."

"मग?"

त्या 'मग'ने तिचं टाळकं फिरलं. "मग काय? तुमचं दुकान बंद झालं म्हणून माझ्या टेबलावर मांडू नका," ती म्हणाली, परक्या माणसासमोर, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यांदा.

ऐकू गेलं. त्यांनी भिंग काढलं, खिशात ठेवलं आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसले. दुरुस्तीवाल्याने हसणं आवरून मुकाट्याने आकडे पहिल्यासारखे केले आणि पाणीसुद्धा न मागता निघून गेला.

तिने फाइल पुन्हा लावली. या वेळी रुग्ण अर्ध्या कुशीवर आला, थबकला नाही, सावकाश पूर्ण वळला आणि परिचारिकांनी त्याच्या पाठीशी उशी लावली. इतके दिवस याच क्षणासाठी ती झुरली होती, आणि आता तिला काहीच वाटलं नाही. फाइल अजून अर्ध्यावर होती. बारा वाजून गेले होते.

बाईंचा फोन आला. आज तिने ठरवलं की खरं सांगायचं, आणि सांगितलं: सेल, घड्याळ, क्लॉक, सासरे, दांडी, सगळं. ऐकताना तिलाच ते इतकं खोटं वाटलं की मधे दोनदा ती अडखळली.

"आधी व्हायरस झाला," बाई म्हणाल्या. "मग वीज झाली. आता सासरे."

"बाई, हे खरं आहे. फाइल होतेच आहे, थोड्या वेळात पाठवते."

"नका पाठवू. हा धडा आम्ही दुसऱ्यांकडून करून घेतोय. पुढचेही त्यांच्याकडेच जातील. मला तुमचं काम आवडलं होतं, म्हणून वाईट वाटतं. पण निदान मला मूर्ख तरी समजू नका."

बाईंनी फोन ठेवला. तिने तो कानापासून खाली आणला आणि नुसतीच बघत उभी राहिली. खोटं दोनदा पचलं होतं आणि खरं एकदाही पचलं नव्हतं. याच्यावर ओरडायचं तर कोणावर, तेच तिला समजेना. जे ओरडायचं ते तर ओरडून झालं होतं, आणि त्याचीही आता टोचणी लागली होती.

"दे इकडे," सासरे शेजारी येऊन उभे होते. त्यांनी हात पुढे केला होता.

"बाबा, अहो त्यांनी..."

पण त्यांनी फोन घेतला होता आणि चांगल्या कानाला लावलाही होता.

"नमस्कार बाई. मी हिचा सासरा, घड्याळजी. तुमचं काम माझ्या हातून बिघडलं. हिच्या हातून नाही. हिने वेळेत केलं होतं, मीच न विचारता आत हात घातला. मला वाटलं, घड्याळच आहे, घड्याळ मला कळतं. ते वेगळं निघालं. या वयातही माणूस नवखा असतो, हे मला माहीत नव्हतं." त्यांचा आवाज दुकानातल्यासारखा मोठा आणि नीट होता. गाळ्यात असताना त्यांनी कधी कोणा गिऱ्हाइकाजवळ चूक कबूल केली नव्हती; घड्याळ बिघडलं की पाणी गेलं असेल, नाही तर पडलं असेल, आणि ते नेहमी गिऱ्हाइकाच्याच हातून. "शिक्षा करायची तर मला करा. पोरीचं काम काढून घेऊ नका. ती त्या टेबलाशी बसली की वेगळीच दिसते. मी समोरच असतो, मला दिसतं. बरं. ठेवतो."

त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला. त्यावर कुठलाच कॉल चालू नव्हता, आणि तिने स्क्रीन पटकन आपल्याकडे वळवून घेतली.

"सगळं ऐकून घेतलं बाईंनी," ते म्हणाले. "मधे एकदाही तोडलं नाही. भल्या दिसतात. देतील गं काम."

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"हो," ती म्हणाली. "देतील, बाबा."