यंत्रोबा पाण्यात

यंत्रोबाला चार हात होते, मंदिर होतं, वाहन होतं, रागावण्याची कारणंही ठरलेली होती. भक्त तेवढे नव्हते.

हात प्रणितनेच ठरवले होते. एकात हातोडी, दुसऱ्यात पाना, तिसऱ्यात कंपास, आणि चौथा रिकामा, ज्या वस्तूचा शोध अजून लागायचा आहे तिच्यासाठी. पुण्याच्या कंपनीला हा चौथा हात फार आवडला. कंपनी मराठीतून एक खेळ काढत होती. या खेळात पट नसतो, पडदा नसतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि 'आता मी असं करतो' म्हणतात. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगतो. राक्षस, जादूगार आणि शापित राजकन्या पुण्यातच तयार झाल्या. देव मात्र घरून काम करणाऱ्यांना वाटून दिले गेले. त्यातला शोधांचा देव वैनगंगेकाठच्या, मार्कंड्याच्या देवळांपासून फार लांब नसलेल्या एका गावात येऊन पडला, कारण प्रणित तिथे राहत होता आणि त्याची नोकरी अजून कच्ची होती.

त्याआधी तो कोरपन्याकडे एका सिमेंट कारखान्याच्या फाटकावर बसायचा आणि आत जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायचा. ती नोकरी मामांनी लावून दिली होती. तो ती सोडून घरी आल्यापासून मामा दर आठवड्याला फोन करत आणि खुर्ची अजून रिकामी असल्याचं सांगत. गावात प्रणित 'कम्प्युटरमध्ये' आहे असं मुखरूने, म्हणजे त्याच्या बापाने, सांगून ठेवलं होतं. पोरगा दिवसभर घरी बसून देव बनवतो हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. गावात देवांची टंचाई नव्हती.

प्रणितने मन लावून भक्त लिहिले. एक घड्याळजी, जो काळ उलटा फिरवी. एक आंधळी म्हातारी, जी इतरांसाठी चष्मे घडवी. एक राजपुत्र, ज्याने राज्य सोडून पवनचक्की शोधली. चंचल मॅडमनी, म्हणजे त्याच्या वरिष्ठांनी, व्हिडिओ कॉलवर ते सगळं वाचलं आणि चष्मा काढला.

"हे भक्त नाहीत प्रणित, हे इंजिनिअरिंग कॉलेजचं स्नेहसंमेलन आहे. यांना सगळंच येतं. मग देव लागतो कशाला?"

मॅडम मूळच्या नागपूरच्या होत्या, त्यामुळे त्यांनी वाईट बातमी पुणेरी वळणं न घेता सांगितली. रविवारी त्याने हा खेळ कधीच न खेळलेली चार माणसं बसवायची, त्यांना यंत्रोबाचे भक्त करायचं, आणि त्या फोनवरून बघणार. भक्त उभे राहिले तर त्याची नोकरी पुढे चालेल. नाहीतर, असं म्हणून त्या थांबल्या. पुढचं वाक्य मामांनी केव्हाच पूर्ण केलेलं होतं.

रविवारी शेजारच्या गावात शंकरपट होता. ज्यांना बैलांच्या शर्यतीत रस होता ते सगळे, म्हणजे गाव, तिकडे गेलं. उरले ते इस्तारी काका, कारण त्यांचं पटाच्या कमिटीशी भांडण होतं. त्यांच्या पत्नी प्रेमिला काकू, कारण त्यांचं काकांशी भांडण नव्हतं. आणि घरचे दोघं, मुखरू नि आशाबाई. प्रणितने चौघांना ओसरीत बसवलं आणि पिठाच्या डब्याला टेकवून फोन ठेवला. फोनमध्ये चंचल मॅडम माइक बंद करून बसल्या होत्या.

"बाईले चहा विचार," आशाबाई म्हणाली.

"त्या पुण्याला आहेत, आई."

"मंग तिकडं कोणी विचारला असन का नाई?"

प्रणितने खेळ समजावला. इस्तारी काका गावच्या मच्छीमार संस्थेचे सचिव होते आणि सभा कुठलीही असो, ती आपणच चालवतो आहोत असं त्यांना वाटे.

"म्हणजे नाटक," ते म्हणाले. "फक्त स्टेज नाई, हार्मोनियम नाई, अन् संवाद पाठ नाई. वडशाच्या नाटक कंपनीचं असंच झालतं एक वर्ष."

"तुम्ही कोण होणार, बाबा?" प्रणितने विचारलं.

"मुखरू."

"खेळात कोण होणार?"

"खेळातबी मुखरूच. आधार कार्डावर तेच हाय."

"मी राणी होतो," प्रेमिला काकू म्हणाल्या.

"मी सचिव," इस्तारी काका म्हणाले. ते काय होणार हे कोणी विचारलं नव्हतं.

आशाबाई म्हणाली की तिला काही व्हायचं नाही, ती नुसती बसते.

प्रणितने घसा साफ केला आणि वर्णन सुरू केलं. संध्याकाळची सोनेरी उन्हं, यंत्रोबाचं उंच लोखंडी मंदिर, गाभाऱ्यात देवाची लोखंडी मूर्ती, तिच्या छातीत अखंड फिरणारं चक्र. आणि तिकडे डोंगरात घोरशंख राक्षसाने नदी अडवून धरलेली. राज्यात पाण्याचा थेंब नाही. आता भक्तांनीच असा काही शोध लावायचा की राक्षस हटला पाहिजे. हे लिहायला त्याला पंधरवडा लागला होता.

"या देवाले बोकड चालते का नारळ?" इस्तारी काकांनी विचारलं.

प्रणितने ते लिहिलं नव्हतं. "याला शोध वाहतात, काका. नवीन यंत्र."

"अन् परसाद?"

"तसा प्रसाद नाही."

"मंग लोक कशाले येतीन?" प्रेमिला काकू म्हणाल्या. त्या राणीच्या भूमिकेत होत्या, पण काळजी खरी होती.

"पयला मान कोणाचा?" काकांनी पुढचा प्रश्न काढला. "पाटलाचा का आमचा? नाई, आधीच ठरलेलं बरं. मांगून डोकी फुटतेत."

प्रणितने फोनकडे पाहिलं. मॅडम खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. बरं लिहीत असाव्यात असं मानायला काही आधार नव्हता. "मान सगळ्यांचा," तो घाईने म्हणाला. "राक्षसाचं काय करताय ते सांगा."

इस्तारी काकांनी तंबाखू मळली. "तो राक्षस राहते कुठी?"

"नदीच्या उगमापाशी."

"म्हणजे पाण्याच्या काठी. किती दिवसांपासून?"

"हजार वर्षं."

"मंग रहिवासी झाला ना तो. त्याले संस्थेचा सभासद करून घ्या."

"काका, तो राक्षस आहे."

"आपल्या संस्थेत कोण नाई? सभासद झाला म्हणजे तळ्यातली बेशरमची झुडपं काढाले यावंच लागते, सभेले बसावंच लागते. एक वार्षिक सभा पूर्ण ऐकली का तो स्वतःहून पाणी सोडते, लिहून ठेव."

प्रणितने नियमाप्रमाणे फासा टाकला. समजूत घालण्याचा प्रयत्न होता, दहाच्या वर पडलं तर जमलं. सतरा पडले. घोरशंखाने अर्जावर अंगठा दिला आणि नदी सुटली. पंधरवड्याचं लेखन चहा येण्याआधी संपलं. रणांगणाचं वर्णन, राक्षसाच्या तीन शापवाण्या आणि हवेत उडणारा रथ, सगळं हातात तसंच राहिलं.

फोनमध्ये मॅडम हलल्या नाहीत. प्रणितला कोरपन्याचं फाटक दिसायला लागलं. तिथली धूळ त्याच्या चहाच्या कपात कशी बसायची तेही आठवलं. काहीतरी लांबवायचं म्हणून तो म्हणाला, "नदी सुटली म्हणून देव प्रसन्न झाला आहे. आता एकेकाने काय पाहिजे ते मागा."

प्रेमिला काकूंना विचार करावा लागला नाही. "जंगलातली मोहफुलं आपल्या आपण टोपल्यात येतीन, असं यंत्र दे देवा. कंबर राह्यली नाई."

फाशावर अठरा आले. यंत्रोबाने यंत्र दिलं.

"यंत्राले वाघानं नेलं तं भरपाई कोण देईन?" काकूंनी लगेच विचारलं.

"पंचनामा करा लागते," काका म्हणाले.

मुखरू म्हणाला की त्याला काही नको, देवालाही आराम पाहिजे. मग सगळ्यांनी आशाबाईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. तिने अडकित्ता बाजूला ठेवला, पदर सारखा केला आणि ओसरीच्या मधोमध, जिथे फक्त चटई होती, तिथे हात जोडले.

"देवा, माह्या प्रणितले नोकरीत पक्का कर."

"आई, खेळातलं काही माग."

"खेळातल्याच देवाले मागून राह्यली ना मी. घरच्याले मागून झालं."

प्रणितचे कान तापले. फोनमधल्या चौकोनात मॅडमनी मान वर केली होती. त्याने फासा मुठीत घेतला आणि जरासा चटईच्या कडेला, कोणाला नीट दिसणार नाही असा टाकायचा विचार केला.

"मधात टाक," इस्तारी काका म्हणाले. त्यांनी संस्थेच्या निवडणुका पाहिल्या होत्या. "सगळ्याइच्या समोर."

फासा मध्ये पडला, घरंगळत आशाबाईच्या अडकित्त्याला लागून फिरला आणि थांबला. तीन.

आता देवाने बोलायचं होतं, आणि देव प्रणितच होता. त्याने आवाज जड केला. "भक्ते, यंत्रोबा नवं मागणाऱ्यालाच देतो. पोराला नोकरी, ही जगातली सगळ्यात जुनी मागणी आहे. मी ती पुरी करू शकत नाही."

आशाबाईने चटईच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. बाजारात वजनात मारणाऱ्या दुकानदाराकडे ती तसं पाही.

"ठीक हाय," ती म्हणाली. "मंग मी तुले पाण्यात ठेवतो."

त्या घरात देवांना पाण्याची सवय होती. प्रणितच्या बारावीच्या निकालाला बाळकृष्ण तांब्याच्या गडव्यात बुडाला होता आणि पोरगा पास झाल्यावरच वर आला होता. म्हशीच्या आजारपणात अन्नपूर्णा पाण्यात गेली. पाऊस लांबला की गावकरी महादेवाचा गाभारा घागरींनी भरून पिंडी बुडवत; देवाचा श्वास कोंडला की तो हलतो, असा अनुभव होता. कंपनीच्या जाडजूड नियमपुस्तकात देवांचा राग, झोप, लग्न आणि मृत्यू, सगळ्यांची सोय होती. भक्ताने देवाला पाण्यात बुडवून ठेवल्यास काय होतं, हे कुठेच नव्हतं.

"असं नाही करता येत, आई," प्रणित देवाचा आवाज विसरून म्हणाला.

"काऊन? नदी सुटली ना आता? पाणी हाय."

"हाय," सचिवांनी नोंद घेतली.

"अन् देव लोखंडाचा हाय म्हणतेस?"

"हो."

"गंजते का?"

प्रणितने नियमपुस्तकाची पानं उलटली. गंजण्याबद्दलही काही नव्हतं. "आई, देव आहे तो."

"देव हाय म्हणूनच पाण्यात ठेवून राह्यली. दगडाले कोण ठेवते? टाक तुहा फासा."

त्याने फासा टाकला. एकोणीस. यंत्रोबा हातोडी, पाना, कंपास आणि रिकाम्या हातासकट नदीच्या तळाशी गेला. प्रेमिला काकूंनी नकळत पदर डोक्यावर घेतला.

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. मॅडमनी माइक उघडला होता.

"आशाबाई, देव किती दिवस पाण्यात राहणार?"

"पोरगा पक्का होतपर्यंत."

"पुढच्या महिन्यात हा देव आम्हाला लोकांसमोर आणायचा आहे."

"मंग लवकर करा, बाई."

"अहो, हा खेळ आहे."

"हो ना. मीबी खेळूनच राह्यली."

मॅडम जरा हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या आईनं माझ्या लग्नासाठी ठेवलाय बाळकृष्ण. अजून पाण्यातच आहे."

"कोणत्या भांड्यात?"

"स्टीलच्या."

"तरीच," आशाबाई म्हणाली. "तांब्याचं घ्या म्हणा. अन् पाणी रोज बदलवा."

"सांगते." मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा पुसला. "प्रणित, घड्याळजी, म्हातारी आणि राजपुत्र काढून टाक. हे चौघं लिही. जसे बसलेत तसे. राक्षसाचा अर्जही ठेव. आणि देव पाण्यात ठेवण्याचा नियम नीट लिही. कोण ठेवू शकतं, किती खोल, बाहेर कधी काढायचा, सगळं."

"म्हणजे नोकरी, मॅडम?"

"पक्कं करणं माझ्या हातात नाही. सहा महिने मी वाढवू शकते. घरूनच कर. सहा महिन्यांनी पुन्हा बघतील."

प्रणितला हसावं की नाही ते कळेना. सहा महिने म्हणजे पाऊस सुरू होऊन धानाची रोवणीही झालेली असेल, आणि तोवर मामांची खुर्ची तरी कोणीतरी भरेल. त्याने आईकडे पाहिलं.

"हे पक्कं झालं का कच्चं?" आशाबाईने विचारलं.

"मधलं," तो म्हणाला.

तिने चटईच्या मधोमध हात घातला, कोपरापर्यंत पाण्यात गेल्यासारखा, आणि जड काहीतरी उचलल्यागत वर आणला. अर्ध्यावर थांबली.

"कमरेवरी काढतो. बाकीचा सहा महिन्यांनी."

"चालेल," चंचल मॅडम म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

मुखरू इतका वेळ विडी हातात धरून, न पेटवता बसला होता. जन्म मासे धरण्यात, डोंग्यावर आणि पाण्यात गेला होता त्याचा. तो म्हणाला, "पुरा बुडाला तं लोखंड टिकते काही दिवस. अर्धं पाण्यात, अर्धं हवेत ठेवलं का पाण्याच्या रेघेवर लवकर गंजते."

आशाबाईने अडकित्ता उचलला आणि उरलेली सुपारी कातरायला घेतली.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.