पाच गुणांचं उत्तर

बाईंनी लाल शून्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी पुन्हा पाच लिहिले. या वेळी आकडा जरा मोठाच आला. खाली सही केली, तारीख टाकली आणि नववीच्या मूल्यशिक्षणाची ती उत्तरपत्रिका मुख्याध्यापिकांच्या टेबलावर सरकवली.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पुन्हा पाच?"

"पाचच."

"अहो, फेरतपासणीत गणिताच्या सरांनी शून्य दिलंय, आणि त्यांचं काही चुकलेलं नाही. नमुना उत्तरातला एक मुद्दा सापडेल तर शपथ."

प्रश्न होता, 'दुःखात असलेल्या व्यक्तीला धीर देण्यासाठी तुम्ही काय म्हणाल?' मुलीने एवढंच लिहिलं होतं: 'काहीच म्हणणार नाही. शेजारी बसेन. पाणी हवं का, तेवढं विचारेन.'

"आणि हे नमुना उत्तर कुणाचं?" मोठ्या बाईंनी फाईल उघडून कागद त्यांच्याकडे फिरवला. "अक्षर ओळखता ना?"

ओळखत होत्या. गेल्या वर्षी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनीच ते मुद्दे काढले होते. धीर धरण्यास सांगावे. गेलेल्या व्यक्तीच्या गुणांची आठवण करून द्यावी. ओळखीतल्या तशाच प्रसंगाचे उदाहरण द्यावे. जबाबदारीची जाणीव करून द्यावी. मन दुसरीकडे वळवावे. समोर आई उशीचा अभ्रा शिवत होती. दातांनी दोरा तोडून म्हणाली, "एवढं सगळं ऐकून घ्यायचं म्हणजे त्या माणसाला आधी जेवायला वाढायला हवं." दोघी हसल्या. मुद्दे मात्र तसेच राहिले.

आईला जाऊन पाच आठवडे झाले होते. तेवढ्या दिवसांत बाईंनी आपलंच नमुना उत्तर इतरांच्या तोंडून पुरतं ऐकून घेतलं होतं. पहिला मुद्दा तर सगळ्यांनाच पाठ होता. तिसरा शेजारच्या काकूंनी पाऊण तास सांगितला. त्यात त्यांच्या सासूबाईंचं आजारपण, दोन डॉक्टर आणि मोडलेली एक सोयरीकही येऊन गेली. "आता तुलाच धाकट्याकडे बघायचंय," असं मावशी पाठीवरून हात फिरवत म्हणाली. धाकटा भाऊ बेचाळीस वर्षांचा होता. गणिताचे सर शिक्षकखोलीत अर्धं मिनिट नुसते उभे राहिले आणि मग म्हणाले, "बरं, ते नवीन वेळापत्रक पाहिलंत का?" माणसं सगळी चांगली होती. प्रत्येकाला पैकीच्या पैकी मिळाले असते.

"उत्तर माझंच आहे," बाई म्हणाल्या. "ते चुकलंय."

"हे आज कळलं? निकाल परवा आहे!" मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. "हे बघा, पोरगी एकतिसावर अडकलीय, हे मलाही दिसतंय. मी काय तिच्या वाईटावर आहे? ते 'धर्मांची ओळख'वर दोन पानं लिहिलीयत तिने, तिथे चार वाढवा. पस्तीस झाले. ती सुटली, तुम्ही सुटलात, मी सुटले."

"मला तिला सोडवायचं नाहीये. उत्तर बरोबर आहे, त्याचे गुण द्यायचेत."

"बाई, तुमच्यावर काय ओढवलंय ते मला समजतं, पण..."

"ते यात आणू नका."

आवाज चढला नव्हता. पण ते यातच होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मग लेखी द्या," मोठ्या बाईंनी फाईल मिटली. "संस्थेकडे पाठवते. पुढच्या वर्षी हा विषय तुमच्याकडे राहील याची हमी मात्र माझ्याकडे मागू नका."

"आत्ता देते."

नववीचा वर्ग रिकामा होता. पहिल्या बाकावर बसून त्यांनी पान भरून लिहिलं. सही करणार, तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. तीच मुलगी. लिहायला फार वेळ लावते म्हणून वर्ग तिला कासव म्हणायचा.

"बाई, शिपाईमामा म्हणाले, माझ्या पेपरावरून भांडण चाललंय."

"शिपाईमामांना म्हणावं, घंटेकडे लक्ष द्या. भांडण नाही. तुझं एक उत्तर मला पटलंय, तसं लिहून देतेय."

"माझं? कुठलं?"

बाईंनी वाचून दाखवलं. मुलगी अंगठ्याच्या नखाने बाकाची कड खरवडू लागली.

"रागावणार नाही ना?"

"बोल तू."

"मला मुद्दे आठवतच नव्हते. दोन दिवस पाठ केले होते, शप्पथ. पण धीर धरण्याच्या पुढे गाडी जाईचना. घंटा व्हायला आली. रिकामं काही सोडायचं नाही असं तुम्हीच सांगता, म्हणून सुचलं ते खरडलं."

या पोरीने घरात काहीतरी पाहिलेलं असणार, लहान वयात तिला कळू नये ते कळलेलं असणार, असं बाईंनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. नुकत्याच लिहिलेल्या पानावर तसं एक वाक्यही होतं. त्यांना एकदम हसू फुटलं, आणि ते लवकर थांबेना. मुलगी दोन पावलं मागे सरली.

"म्हणजे... गुण जाणार का?"

"मुद्दे आठवले असते, तर तेच लिहिले असतेस?"

"मग काय! पाच गुणांचा प्रश्न आहे, बाई."

"घरी जा."

"पण फेरपरीक्षा..."

"जा म्हटलं ना. आणि धावू नकोस जिन्यात."

ती गेल्यावर बाईंनी पान पुन्हा वाचलं. मुलीच्या जाणतेपणाबद्दलचं वाक्य खोडलं. मग शेवटी एक ओळ वाढवली, सगळं नव्याने दोन प्रतींत उतरवून काढलं आणि सही केली.

मोठ्या बाई शेवटच्या ओळीशी अडखळल्या. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "'सदर विद्यार्थिनीला नमुना उत्तरातील मुद्दे आठवत नव्हते, असे तिने स्वतः सांगितले आहे.' हे कुणी लिहायला सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"अहो, तुमची सगळी बाजूच पडते याने! तिला येत नव्हतं, असं तुम्हीच लिहून देताय."

"हो. येत नव्हतं."

"आणि गुण?"

"पाच," बाई म्हणाल्या आणि पोच घ्यायला दुसरी प्रत पुढे केली.